फोटोतली खोली

आप्पांचा फोन आला तेव्हा ती पडून होती. दुपारचे तीन वाजून गेले असणार, कारण समोरच्या इमारतीच्या गच्चीवरचं ऊन पाण्याच्या टाकीमागे सरकलं होतं, आणि गेले कित्येक दिवस ती वेळ बघायची ती त्या टाकीवरूनच. उशीखाली फोन थरथरला, थांबला, पुन्हा थरथरला. आप्पा कधी दुपारचे फोन करत नसत. दुपारी ते कुणाच्या तरी घरात शिडीवर असत, आणि शिडीवर असताना फोन खिशात ठेवायचा नाही हा त्यांचा नियम होता. म्हणून तिनं घाबरून उचलला. काही झालं नव्हतं. रंगाचे डबे यायला उशीर होता म्हणून ते रिकामे बसले होते, आणि बसल्या बसल्या त्यांच्या मनात आलं होतं. "रविवारी येतो म्हणतो," ते म्हणाले. "तुझी आई रोज तो फोटो उघडून बसते. म्हटलं, आपण एकदा डोळ्यांनी बघून यावी खोली." या की, ती म्हणाली. आपला आवाज नेहमीसारखा, उलट थोडा खुशीतच आला, हे तिनं दुसऱ्या कुणाचा आवाज ऐकावा तसं ऐकलं. फोन बंद झाल्यावर तो तसाच छातीवर ठेवून ती छताकडे बघत राहिली. आज बुधवार. गुरुवार, शुक्रवार, शनिवार. बोटांवर मोजायचीसुद्धा गरज नव्हती.

तो फोटो तिनं पहिल्याच महिन्यात घरी पाठवला होता. खिडकीला हळदी रंगाचा पडदा, पडद्याच्या कडेनं सोडलेली बारीक दिव्यांची माळ, भिंतीवर समुद्राचं मोठं चित्र, टेबलाशी वेताची टोपली आणि तिच्यात हिरवी कुंडी. फोटो खोटा नव्हता. खोली हीच होती. फक्त त्यातली एकही वस्तू तिची नव्हती. सगळं पार्टनरचं होतं. होस्टेलात खोलीतल्या दुसऱ्या मुलीला सगळ्याच जणी पार्टनर म्हणत, आणि हिची पार्टनर म्हणजे घर सोडून आल्यावर आठ दिवसांत दुसरं घर मांडणारी मुलगी होती. तिनं खिळे ठोकले, पडदा शिवला, कुंडीला पाणी घातलं, आणि एकदा हिला टेबलाशी बसवून फोटोही काढला. आईनं विचारलं होतं, एवढं सगळं कधी घेतलंस गं? आणि हिनं लिहिलं होतं, हळूहळू. एवढा एकच शब्द. आई तो फोटो शेजारणींना दाखवायची, दुकानात दाखवायची. आता पार्टनर जाऊन तीन आठवडे झाले होते. वरच्या मजल्यावर एक जागा रिकामी झाली तिथं ती गेली, आणि जाताना आपलं सगळं घेऊन गेली, त्यात तिचं काहीच चुकलं नव्हतं. समुद्राचं चित्र काढलं तेव्हा मागून ओलीचा डाग निघाला होता, परातीएवढा, कडेनं तांबूस, मधे पोपडे धरलेला. तेव्हापासून हिनं कूस बदलली होती आणि दुसऱ्या भिंतीकडे तोंड करून झोपायला लागली होती.

नेमकं काय झालं असं कुणी विचारलं असतं तर तिला सांगता आलं नसतं. सांख्यिकीच्या पहिल्या चाचणीत कमी गुण मिळाले, पण नापास काही ती झाली नव्हती. कुणी बोललं नव्हतं, कुणी फसवलं नव्हतं, कुणी मेलं नव्हतं. एका मंगळवारी गजर वाजला आणि तिनं तो बंद केला, एवढंच. त्या दिवशी अंगात कणकण आहे असं तिनं पार्टनरला सांगितलं आणि ते तिला स्वतःलाही खरं वाटलं. बुधवारी मात्र कणकण नव्हती. हात होते, पाय होते, दप्तर खुर्चीवर होतं, आणि अंथरुणापासून त्या खुर्चीपर्यंतचं तीन पावलांचं अंतर कापायचं कसं ते काही केल्या आठवेना. तिला वाटलं, उद्या. मग उद्या गेलं की काल का आली नाहीस ते सांगावं लागेल, परवा गेलं की दोन दिवसांचं. एका दिवसाचा खुलासा माणूस करू शकतो. आठवड्याचा अवघड असतो. सात आठवड्यांनी तर खुलासा हाच एक विषय होऊन बसला होता, आणि त्याचाही अभ्यास झालेला नव्हता. मुली वर्गाला निघाल्या की जिन्यात चपलांचा आवाज व्हायचा, तो संपेपर्यंत ती श्वास धरून पडायची. मग सगळं होस्टेल शांत व्हायचं. नळ गळायचा. त्या शांततेत तिला जरा बरं वाटायचं, आणि बरं वाटतं याचीच भीती वाटायची. फोनवर मात्र ती रोज वर्गाला जात होती. आज काय शिकवलं? आज संभाव्यता. सर कसे आहेत? चांगले आहेत, पण भरभर शिकवतात. आप्पांना संभाव्यता म्हणजे काय ते नेमकं ठाऊक नव्हतं. पण कामावरच्या माणसांना ते तो शब्द सांगत असतील हे तिला ठाऊक होतं.

गुरुवारी सकाळी ती उठली. इतकं साधं झालं ते. मुली अजून जिन्यातच होत्या तेव्हा तिनं पाय खाली टाकले, फरशी गार लागली, आणि ती उभी राहिली. अंघोळ केली. केसांच्या गाठी सोडवताना अर्धे केस हातात आले. रस्त्यावर एवढा उजेड असतो हे ती विसरूनच गेली होती. जुन्या कपड्यांच्या दुकानात फोनमधला फोटो धरून ती पडद्याचा रंग शोधत राहिली. दुकानातल्या बाईंनी तीन चादरी काढून दाखवल्या, एक फिकट, एक तपकिरीकडे झुकणारी, आणि तिसरी कडेला फाटलेली पण रंगानं जवळजवळ तीच. फाटकी बाजू खाली घे, दुमडून टाक, कुणाला कळतंय, असं त्या म्हणाल्या, आणि नवीन घर का, असंही विचारलं. नवीन घर, ती म्हणाली. रंगाच्या दुकानात तिनं भिंतीचे खड्डे बुजवायच्या लांबीची सगळ्यात लहान पुडी मागितली, खरवडायला एक पत्रा, दोन पॉलिशपेपर, आणि कुणीतरी शेड पसंत पडली नाही म्हणून परत केलेला साईच्या रंगाचा अर्धा डबा. दुकानदारानं विचारलं, करणार कोण? मीच, म्हटल्यावर त्यानं तिच्याकडे पुन्हा एकदा नीट पाहिलं आणि वापरलेला एक ब्रश तसाच देऊन टाकला. आईनं थंडीसाठी स्वेटर घे म्हणून दिलेले पैसे त्यात गेले.

तिनं पोपडे खरवडले. ओल्या चुन्याचा वास नाकात गेला आणि ती एकदम नऊ वर्षांची झाली. सुट्टीत आप्पा तिला कामावर न्यायचे. लोकांची रिकामी घरं, सामान मधोमध ढीग करून कापडानं झाकलेलं, बोललेलं घुमायचं. तिला पॉलिशपेपरचा तुकडा मिळायचा आणि हात पोचेल तेवढी भिंत तिची. गोल गोल घासायचं, डोळे मिटून तळवा फिरवायचा, जिथं हाताला लागेल तिथं पुन्हा. डोळे फसतात, हात नाही फसत, असं आप्पा म्हणायचे. तिनं आता डोळे मिटून तळवा फिरवला. लांबी कुठं जास्त झाली ते कळलं. शुक्रवारी रंगाचा पहिला हात मारला, खालून वर, ब्रश न थांबवता, आणि खोली नव्या रंगाच्या वासानं भरून गेली. तिला भूक लागली. सात आठवड्यांत पहिल्यांदा तिला खरीखुरी भूक लागली आणि मेसमध्ये जाऊन ती दोनदा वाढून घेऊन जेवली. जेवताना शेजारची मुलगी काहीतरी बोलली त्यावर ती हसलीसुद्धा. आणि मग घास हातात तसाच राहिला. म्हणजे उठता येत होतं. पाय चालत होते, हात चालत होते, सात आठवडे जे जमलं नव्हतं ते सगळं जमत होतं, फक्त ते खोट्यासाठी जमत होतं. वर्गापर्यंत चारशे पावलं चालता आली नाहीत आणि त्या चादरीसाठी ती बाजारभर फिरली होती. मग ही आजारी कसली? आपल्याला काही झालेलंच नाही, आपण नुसत्या वाईट आहोत, असं तिला वाटलं, आणि तो विचार इतका स्वच्छ होता की त्यानं थोडं हलकंही वाटलं. ताट तसंच ठेवून ती वर आली आणि ओल्या भिंतीसमोर बसून राहिली.

शनिवारी सकाळी दुसरा हात झाला. दिव्यांची माळ मात्र विकत घेण्यासारखी नव्हती, आणि आई ज्याला त्याला दाखवायची ती माळच. वरच्या मजल्यावर जाण्याआधी ती जिन्यात तीनदा परत फिरली. पार्टनर नव्या खोलीत केस वाळवत बसली होती. हिच्या हाताला लागलेला रंग तिनं पाहिला. आप्पा येताहेत, एक दिवसापुरती माळ मिळेल का, एवढं बोलायला हिला फार वेळ लागला. पार्टनर उठली, स्टुलावर चढली आणि भिंतीवरची माळ एकेक चिमटा काढत सोडवू लागली. कोपर आणि पंजा यांच्यामध्ये तिनं ती गुंडाळली. माळ हातात देताना ती म्हणाली, "सोमवारी दे. घाई नाही." आणि मग दाराशी आल्यावर, "मी रेक्टरबाईंना काही सांगितलं नाही. सांगायला हवं होतं का, ते रोज डोक्यात येतं. तू रात्रभर जागी असायचीस, मला कळायचं गं. पण मलाही परीक्षा होत्या." हिला म्हणायचं होतं, तुझं काही चुकलं नाही. तोंडातून निघालं ते, कुंडी पण देतेस का, एवढंच. पार्टनरनं कुंडीही दिली.

संध्याकाळपर्यंत तिनं वह्या केल्या. पाच नव्या कोऱ्या वह्यांवर विषय लिहिले, कणा मोडून त्या उघड्या दाबल्या, पानांचे कोपरे बोटांनी मळवले. पुस्तकातून उतारे उतरवले आणि समासात मागच्या तारखा घातल्या, आठ तारीख, नऊ तारीख, मधे एक दिवस सोडून अकरा, कारण रोज रोज कोण एवढं नेमानं लिहितं. एका तारखेशी ती थांबली. त्या दिवशी सबंध दिवस तिनं पाणीही प्यायलं नव्हतं. तिथं तिनं प्रमाण विचलन लिहिलं. टेबलावर वेळापत्रक चिकटवलं, दोन रंगांच्या शाईत. चादरीचा पडदा लावला, माळ सोडली, समुद्र नव्हता पण डागही नव्हता. मग दाराशी जाऊन तिनं त्याच जागेवरून फोटो काढला आणि जुन्या फोटोशेजारी धरून पाहिला. भिंतीवर समुद्र नव्हता आणि खुर्चीवर ती नव्हती, एवढं सोडलं तर खोली तीच होती. अशा खोलीत राहणारी मुलगी कशी असेल ते तिला स्पष्ट दिसलं. ती सकाळी उठत असेल, कुंडीला पाणी घालत असेल, कुणी हाक मारली की आले म्हणत असेल. तिचा तिला असा राग आला की फोन पलंगावर फेकून ती जमिनीवर बसली. रडू मात्र आलं नाही. ते बरेच दिवस येत नव्हतं.

आप्पा दहाच्या सुमारास आले. इस्त्रीचा शर्ट, नखांच्या कडेला कुठलासा निळा रंग, हातात आईनं दिलेली पिशवी. चपला दाराबाहेर काढून ते उंबऱ्यात उभे राहिले, एखाद्या नव्या गिऱ्हाइकाच्या दारात उभं राहावं तसे. वा, म्हणाले. पडदा चांगला आहे म्हणाले, झाड जगवलंस म्हणाले. पिशवी कुठं ठेवावी ते त्यांना कळत नव्हतं. ती सारखी बोलत होती, बस कशी होती, गर्दी होती का, धाकट्या भावाचा दात पडला का. आप्पा भिंतीपाशी गेले आणि सवयीनं त्यांचा तळवा तिच्यावर फिरला.

"लांबी कुणी भरली?"

"मी."

"हात चांगला बसलाय." त्यांनी मान तिरपी करून उजेडात भिंत पाहिली. "ओल पलीकडून आहे. पाइप गळत असेल. दोन महिन्यांत पुन्हा धरेल. पण काम चांगलं केलंस." शाळेपासून मिळालेल्या सगळ्या बक्षिसांपेक्षा तिला ते वाक्य मोठं वाटलं, आणि त्या क्षणी ती सुटली असं तिला वाटलं. ते खुर्चीवर बसले, वेळापत्रक वाचलं, वह्यांना हात लावला नाही. पाणी प्याले. मग ग्लास ठेवता ठेवता ते पलंगाकडे बघत राहिले आणि उठून तिकडे गेले. तिथं तिनं काही केलं नव्हतं. तिथं करण्यासारखं काही आहे हे तिला दिसलंच नव्हतं, कारण त्या भिंतीकडे ती कायम पडल्या पडल्याच बघत आली होती. उशीच्या वर, वीतभर अंतरावर, भिंतीवर एक काळपट तेलकट वर्तुळ होतं, माणसाचं डोकं टेकून टेकून पडतं तसं. त्याच्या खाली खांद्याचा पट्टा. त्याच्याही खाली, जिथं हाताची बोटं पोचतात तिथं, नखानं उकरून काढलेली बारीक रेघारेघांची जागा. आप्पांनी तिथं तळवा ठेवला. मग टेबलामागची भिंत पाहिली. ती कोरी करकरीत होती. तिथं खुर्चीच्या पाठीचासुद्धा ओरखडा नव्हता.

"घरात माणसं कुठं बसतात ते भिंत सांगते," ते म्हणाले, तिच्याकडे न बघता. "जेवतात कुठं, टेकतात कुठं. तुझ्या आजोबांच्या खाटेशी असा डाग होता. ते दोन वर्षं पडून होते." मग ते तिच्याकडे वळले. "किती दिवस झाले?"

"काल दुसरा हात मारला," ती म्हणाली.

"रंगाचं नाही विचारत मी."

खाली कुणीतरी बादली भरत होतं. बादली भरून वाहायला लागली, नळ बंद झाला, आणि तिनं सांगितलं. सात आठवडे. मग वह्यांचं सांगितलं, माळ कुणाची ते सांगितलं, फोनवर सांगितलेलं एकेक खोटं त्या त्या दिवसासकट सांगितलं, कारण ते तिला सगळं क्रमानं पाठ होतं. एकदाच आप्पांचा आवाज चढला. फोन होता ना हातात, रोज बोलत होतीस ना माझ्याशी, ते म्हणाले. मी काय शिडीवर चढून पगार मोजत बसलो होतो का, आलो असतो ना. ती म्हणाली, म्हणूनच नाही सांगितलं. मग त्यांनी एक विचित्र गोष्ट केली. ते पलंगावर बसले, पाय वर घेतले आणि तिच्या जागेवर आडवे झाले, डोकं त्या वर्तुळापाशी, तोंड भिंतीकडे. इस्त्रीचा शर्ट चुरगळला. त्यांच्या टाचांना भेगा होत्या आणि त्या भेगांत चुना होता.

"इथून काय दिसतं?" त्यांनी विचारलं.

"काही नाही."

ते बघत राहिले. ती खुर्चीवर बसली होती, त्यांची पाठ तिच्याकडे होती, श्वासानं वर खाली होत होती. आप्पांना दिवसा आडवं झालेलं तिनं कधी पाहिलं नव्हतं. टाकीवरचं ऊन बरंच पुढं सरकलं. "खरंच काही दिसत नाही गं," ते शेवटी म्हणाले, आणि त्यांच्या आवाजावरून तिला कळलं की ते रडताहेत. तेव्हा कुठं तिलाही रडू आलं. ते थांबवायचं कसं ते दोघांनाही ठाऊक नव्हतं, म्हणून दोघांनी ते आपापल्या जागी बसून होऊ दिलं.

रेक्टरबाई तळमजल्यावर राहत. रविवार असूनही त्यांनी आत बोलावलं, हजेरीचा कागद काढून पाहिला, आणि चष्मा उतरवून सांगितलं की परीक्षेला बसता येणार नाही, हे वर्ष गेलंच म्हणून समजा. आपल्या मजल्यांवर एक मुलगी सात आठवडे खोलीबाहेर पडत नाही आणि आपल्याला पत्ता नाही, हे त्यांनाही लागलं असावं, कारण त्या पुन्हा पुन्हा कागद सारखा करत होत्या. डॉक्टरांना दाखवा, असं त्यांनी आप्पांना दोनदा सांगितलं. पुढच्या वर्षी जागा ठेवता येईल, पण वसतिगृह सोडण्याचा अर्ज आजच भरून द्या, म्हणाल्या. आप्पांनी अर्ज पुढ्यात घेतला. विद्यार्थिनीचं नाव, खोली क्रमांक, पालकाचा व्यवसाय, हे सगळं त्यांनी मोठ्या, सुट्या अक्षरांत लिहिलं. मग पेन थांबलं. वसतिगृह सोडण्याचं कारण, असं तिथं छापलेलं होतं, आणि पुढं दोन ओळी रिकाम्या.

"काय लिहू?" त्यांनी तिला विचारलं.

काहीही चाललं असतं. ती शेजारी उभी होती आणि तिला एकदम दमल्यासारखं झालं. "लिहा, उठता येत नाही," ती म्हणाली.

रेक्टरबाई पुढं झुकल्या. असं नसतं लिहायचं, त्या हळूच म्हणाल्या, घरगुती कारण लिहा, सगळे तेच लिहितात, पुढं मुलीला त्रास नको.

"राहू दे," आप्पा म्हणाले. "आहे ते लिहितो."

ते बराच वेळ लिहीत होते. अर्ज सहीसाठी तिच्याकडे सरकवला तेव्हा तिनं तो वाचला. सध्या उठता येत नाही, असं त्यांनी लिहिलं होतं. पहिला शब्द तिनं सांगितलेला नव्हता. तिनं तो पुन्हा वाचला, मग त्याच्या खाली सही केली, आणि सामान बांधायला दोघं वर गेले.